तीन नंबरची टाकी

गिऱ्हाइकाच्या हातात पहिला ग्लास दिला की मी सांगायचो, “पिऊ नका, आधी हुंगा.” कोल्हापूरकडचे एक पैलवान गडी होते. ते म्हणाले, “हुंगायला अत्तर हाय का काय हे?” आणि माझं पुढचं वाक्य व्हायच्या आत ग्लास रिकामा करून त्यांनी दुसऱ्यासाठी पुढे केला. दुसरा मात्र हुंगला. जरा वेळ थांबून म्हणाले, “जांभळाखाली बसल्यागत वाटतंय की.” एकवीस वर्षांच्या नोकरीत आमच्या मालाला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट.

तळकोकणात, वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून चालत अर्ध्या तासावर फळांच्या वाइनचा तो छोटा कारखाना. पुढच्या अंगाला खानावळ, खानावळीला लागून दुकान. दुकानात कोकम, आगळ, काजूगर, फणसपोळी. मागच्या शेडमध्ये सहा टाक्या. सकाळी मी टाक्यांपाशी आणि दुपारनंतर चव देण्याच्या काउंटरवर. निवृत्त होऊन आता वर्ध्याला लागून सिंदी मेघेला राहतो. माझं गाव नाचणगाव, पुलगावच्या बाजूचं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे ओळख सांगितली की इकडचे लोकही हसतात आणि तिकडचेही हसायचे.

घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील भाजी पिकवायचे आणि पुलगावच्या बाजारात बसून आईबरोबर विकायचे. मी वर्ध्याला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा वडिलांनी डिग्रीचा कागद बाजारात नेऊन शेजारच्या मसालेवाल्याला दाखवला. त्या कागदावर हळदीचा अंगठा अजून आहे. मी तो पुसायचा प्रयत्न केलेला नाही.

कोकणात गेलो तो सरबताच्या कारखान्यात. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. कोकमाचं सरबत, जांभळाचा रस, करवंदाचं लोणचं असा माल होता. घरी सांगितलं, सरबताच्या कारखान्यात आहे. ते खरंच होतं. तीन वर्षांनी अण्णांनी वाइनचं लायसन काढलं, टाक्या आणल्या, आणि केमिस्ट्रीवाला म्हणून त्या माझ्या गळ्यात आल्या. घरी मात्र मी सरबतावरच थांबलो. आज सांगू, दिवाळीला गेल्यावर सांगू असं करत वर्षं गेली. कारण असं, की माझी आई नाचणगावच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष होती.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फळ ठेचायचं, बी काढायची, साखर-पाणी बेताचं घालायचं आणि खमीर सोडायचं. खमीर जिवंत असतं. ते साखर खातं आणि तिची दारू करतं. पहिले आठ-दहा दिवस टाकी सारखी बुडबुडत असते, मग गप्प होते. ती गप्प झाली की आपली झोप कमी होते. कारण त्यानंतर तिला हवा लागू द्यायची नाही. टाकी काठोकाठ भरलेली पाहिजे. वर वीतभर जरी रिकामी राहिली, तरी तिथं हवा बसते आणि हळूहळू दारूचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, व्हायला लागतो. एकदा झाला की परत फिरवता येत नाही.

खानावळीचं खातं मालूताईंकडे. तिरफळ घातलेल्या बांगड्याबरोबर करवंदाची वाइन द्यायची, कोंबडी-वड्यांबरोबर जांभळाची, हे आम्ही दोघांनी खाऊन-खाऊन ठरवलेलं. म्हणजे खायचो आम्ही दोघं, हुंगायचो मी एकटा. माझ्या आग्रहानं त्यांनी एकदा वऱ्हाडी वांग्याचं भरीत केलं आणि शेवटी न राहवून त्यात ओला नारळ घातला. गिऱ्हाइकांनी दोनदा मागून घेतलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई दर डिसेंबरात यायच्या, सगळे ग्लास ओळीनं हुंगायच्या, एक थेंब न पिता काजूगर घेऊन जायच्या. मुंबईची पोरं पहिला प्रश्न विचारायची, “काका, चढते का?” मी म्हणायचो, “आधी जेवण मागवा, मग बोलू.” आणि एक गिऱ्हाईक आलं पुलगावचं. मी कुणाला तरी सहज म्हणालो, “काऊन, आवडली नाई का?” तसा तो माणूस टेबलावरून उठून माझ्याकडे आला.

“तुमी आपल्याकडचे दिसता.”

“नाचणगावचा.”

“नाचणगावात कोणाचे?”

मी वडिलांचं नाव सांगितलं. सवयीनं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे त्या बाईचे पोट्टे तुमी?” मग इतका हसला की मालूताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

महिनाभरानं, गणपती उठल्यावर तिसऱ्या दिवशी, कुडाळ स्टेशनवरून फोन आला. “सुधाकर, मी अन् शांताकाकू आलो आहो. घ्याले ये.” बस. शांताकाकू म्हणजे आमची शेजारीण आणि मंडळातला आईचा उजवा हात. दोन गाड्या बदलून, पिशवीत भाकरी बांधून त्या दोघी आल्या होत्या. आईनं आयुष्यात त्याआधी नागपूरपेक्षा लांब पाऊल टाकलं नव्हतं.

आधी जेवायला बसवलं. आई नेहमीसारखी शांतपणे जेवली. शांताकाकूंनी मात्र ताटाची तपासणी केली.

“डाळीत नारळ, भाजीत नारळ, चटणीत नारळ. पाण्यात नाई घातला का, बापा?”

“काकू, सोलकढी घ्या. त्यात पण आहे.”

“राहू दे. गुलाबी कढी पहिल्यांदाच पाहून राह्यली मी.” मग दोन वाट्या प्यायल्या.

आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “गावात काय चालू आहे ते तुले सांगतो.”

नदीकाठी बंडू नावाच्या माणसाची हातभट्टी होती. मंडळानं ती तीनदा उखडली होती. आता चौथ्यांदा बाया गेल्या, तर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई, आधी आपल्या पोट्ट्याची भट्टी बंद कर. मंग मायी कर.” बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. आईनं त्याला खोटारडा म्हटलं. ती परतली, पण त्यानंतर बाया गस्तीला यायच्या कमी झाल्या. कुणाला डोकेदुखी, कुणाच्या घरी पाहुणे.

“मी त्याले खोटारडा म्हटलं,” आई म्हणाली. “चार बायांसमोर. आता तू सांग मले. थो खोटा बोलला का मी?”

मी म्हणालो, “तू.”

शांताकाकूंनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. आई उठली. “दाखव तुया कारखाना.”

शेडमध्ये अण्णा होते. त्यांनी नमस्कार केला, खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. मी पहिल्या टाकीपाशी जाऊन सांगायला लागलो, गिऱ्हाइकांना सांगतो तसंच, सवयीच्या आवाजात. हे करवंद, हे जांभूळ. आई टाकीच्या कडेनं चालत होती. ग्लास पुढे केला, तर तिनं हात मागे घेतले. “ग्लास नको मले. झाकण उघड.”

इथं आईच्या नाकाबद्दल सांगायला हवं. भट्टीवाले मोहाचा सडवा, म्हणजे कुजत घातलेली मोहफुलं, ड्रममध्ये भरून नदीकाठच्या रेतीत पुरतात. वरून काही दिसत नाही. मंडळाच्या बाया लोखंडी सळाख घेऊन रेतीत टोचत जायच्या आणि सळाखेचं टोक आईपुढे धरायच्या. ती हुंगून सांगायची, हे तीन दिवसांचं, हे आठवड्याचं, हे उद्या भट्टीवर चढवणार. पोलीससुद्धा तिच्या नाकावर विश्वास ठेवून खणायचे. मी लहानपणापासून हे ऐकत आलो. पण माझ्या धंद्याशी त्याचा काही संबंध असेल असं मला वर्षानुवर्षं सुचलं नव्हतं. मला वाटायचं, माझं नाक केमिस्ट्रीनं तयार झालं.

तीन नंबरपाशी मी झाकण पुरतं उचललंही नव्हतं. आई म्हणाली, “हे बिघडलं.”

अण्णा हसले. “वयनी, गणपतीच्या आधी तपासलेली टाकी आसा ती. कायएक बिघडला नाय.”

“बिघडून राह्यलं,” ती म्हणाली. “आजचं नाई, चार-पाच दिवसांचं आहे. कडंनं सिरका येऊन राह्यला. असा सडवा भट्टीवालेही फेकून देतात.”

मी नाक आत घातलं. आधी जांभूळच आलं, दाट, गोड. मग त्याच्या मागून, अगदी बारीक, ते आलं. ते कसं झालं हे मला त्याच क्षणी कळलं.

गणपतीत कोकणात कुणी कुणाचा नोकर नसतो. कारखाना, खानावळ, सगळे आपापल्या घरच्या गणपतीला जातात. मी एकटा बाहेरचा, म्हणून किल्ल्या माझ्याकडे. त्या पाच दिवसांत मुंबईचे चाकरमानी दुकानावर तुटून पडले. चव द्यायचा माल संपला. मी तीन नंबरमधून कळशी-कळशी काढत गेलो. काढलं तेवढं दुसरीकडून भरून टाकी काठोकाठ करायची, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. पण एकट्या परक्या माणसाला त्या गावानं एकदाही स्वतःच्या खोलीवर जेवू दिलं नाही. पाच दिवसांत अकरा घरांतल्या आरत्या म्हटल्या, अकरा तऱ्हेचे मोदक खाल्ले. टाकी भरायची रोज आठवण व्हायची, आणि रोज कुणीतरी हाक मारायला यायचं.

अण्णा म्हणाले, “सुधाकरा, नमुनो काढ.”

आंबटपणाच्या तपासणीला तासभर लागला. तो तासभर आई शेडच्या दारात उभी राहून बाहेर माडाकडे पाहत होती. आकडा आला. आईचं नाक बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीन, चार आणि पाच, जांभळाच्या तिन्ही टाक्या एकत्र करून बाटल्या भरणार होतो. म्हणजे त्या वर्षीचं सगळं जांभूळ गेलं असतं.

अण्णा आईपुढे येऊन उभे राहिले. “वयनी, तुम्ही आमका वाचवलात.”

आईचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. शांताकाकूंना म्हणाली, “शांता, मी काय केलं पाह्य.”

“काय केलं? खरं ते सांगितलं.”

“दारू वाचवली मी. इतके वर्ष ओतत आली, अन् अथी येऊन वाचवली.”

अण्णा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मी माझ्या चुकीबद्दल अण्णांची माफी मागितली, ती त्यांनी हातानंच उडवली. त्या दिवशी माझ्या चुकीची कुणाला पडलेली नव्हती.

कुडाळला जाणाऱ्या बसला अवकाश होता. खानावळीच्या पडवीत बसलो. आईनं विचारलं, “तू पितं का?”

“नाही. तोंडात घेऊन चव पाहतो आणि थुंकतो.”

“थुंकाचा पगार घेते पोट्टं,” शांताकाकू म्हणाल्या, “अन् आपण फुकट गस्ती घालतो.” आईला हसू आलं. ते तिनं लगेच आवरलं.

“अथच्या बाया काय म्हणतात याले?”

एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. आई उठून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि मालूताईंना विचारलं. मालूताई मासे साफ करत होत्या. म्हणाल्या, “ही बाटली आमच्या घोवांका परवडता खय? ते दुसरी पितत. ती पिऊन घराकडे येतत, तेव्हा आमका कळता.” दोघींची बोली वेगळी. पण आईनं मला काही समजावून मागितलं नाही. ती तिथंच पाटावर बसली आणि मालूताईंच्या समोरचे कांदे चिरायला लागली. त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. पाऊण तास बोलल्या.

बसमध्ये चढताना आई म्हणाली, “मी तुयासाठी खोटं बोलणार नाई. दिवाळीले घरी येजो, अन् बायांसमोर तू स्वतः सांगजो.”

तीन नंबरचा अण्णांनी रीतसर सिरका केला. जांभळाचा सिरका मधुमेहाला बरा म्हणून दुकानात चांगला खपला, आणि पुढे दर वर्षी आम्ही एक टाकी मुद्दाम त्यासाठी ठेवायला लागलो. चुकीतून धंदा निघाला असं लोक कौतुकानं सांगतात. मला ते ऐकताना बरं वाटत नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, देवळाच्या सभामंडपात मंडळ बसलं. पंचवीसएक बाया असतील. अर्ध्या जणींनी मला कडेवर घेतलेलं. मी घरून भाषण तयार करून नेलं होतं. उभा राहिलो आणि म्हणालो की मी सरबताच्या कारखान्यात आहे असं सांगत होतो, ते खोटं होतं, आम्ही वाइन बनवतो. मग मी पुढे म्हणालो, ही फळांची असते, सौम्य असते.

आई मधेच बोलली. “फळाचं सांगू नको. मोह पण फुलाचाच असते.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “म्हणजे दारूच ना, बावा?”

“हो,” मी म्हणालो. भाषण तिथंच संपलं.

मग आई उठली. कुडाळपासून सगळं सांगितलं. बंडूला खोटारडा म्हटलं ते चुकलं, असं म्हणाली. टाकीचंही सांगितलं, जे सांगायची कुणी सक्ती केली नव्हती. शांताकाकू तिचा पदर ओढत होत्या, बस म्हणून. तिनं पदर सोडवून घेतला आणि म्हणाली, “अध्यक्ष म्हणून आता मी राहणार नाई. दुसरी कोणी पाह्यजा.”

कुणीतरी म्हणेल, असं काय करता बाई, तुम्हीच राहा, अशी मला आशा होती. तसं कुणी म्हटलं नाही. ती म्हातारीच शेवटी म्हणाली, “अध्यक्ष नको राहू. पण गस्तीले येजो. तुया नाकाबिगर आमी का रेती चाळाची?” आई म्हणाली, “येईन.” शांताकाकू अध्यक्ष झाल्या. त्यांना ते नको होतं. आईनं पुढे कधी ते पद घेतलं नाही, आणि ते माझ्यामुळे गेलं हे ती कधी बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

नोकरी सोड, असंही ती म्हणाली नाही. मी सोडली नाही. ते काम मला येत होतं, आवडत होतं, आणि आमच्या घरात शिकून मिळवलेलं ते पहिलं काम होतं. त्या दिवाळीनंतरच्या संक्रांतीला मी घरी आलो. आई पुलगावच्या बाजारात भाजी घेऊन बसली होती. मी वांग्यांची टोपली लावत होतो. बंडू समोरून आला आणि भर बाजारात थांबला. दोघं-तिघं सोबत होते.

“काय बाई, पोट्टा आला म्हणते. काय काम करते तुया पोट्टा?”

आजूबाजूच्या भाजीवाल्या बाया इकडे वळल्या. मसालेवाल्यानं मान वर केली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं तराजूतलं वांगं बदललं, कारण त्याला कीड होती, आणि गिऱ्हाइकाची पिशवी भरता भरताच बोलली.

“वायन बनवते थो. दारूच असते ते. मले पटत नाई, अन् त्याले मालूम आहे. पोट्टा माया आहे.” मग तिनं बंडूकडे पाहिलं. “आता तुयी भट्टी कुठं हलवली ते सांग. नाई तर आमी येतोच हुडकाले.”

शेजारच्या मेथीवाल्या बाईनं टोपलीवर पाणी शिंपडलं आणि विचारलं, “कधी जाचं, बाई?”

“सोमवारी,” आई म्हणाली.

“मी पण येतो.”